घर तारण ठेवून एमएस करण्याआधी हप्ता ऐरोलीच्या पगारात मांडून बघ

कोपरखैरण्याच्या एका मुलीचा प्रश्न आहे. २०२३ मध्ये बी.एस्सी. आयटी झाली, तेव्हापासून ऐरोलीत अॅप्लिकेशन सपोर्टला आहे, पगार वर्षाला ४ लाख ८० हजार. अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. बँक ४० लाख द्यायला तयार आहे, पण बाबांचं सिडकोचं घर तारण ठेवून. बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. तिने विचारलंय, "ताई, जाऊ का? आणि परत यावं लागलं तर इथे या पदवीला किंमत आहे का?"

तुला 'तू'च म्हणते, माझी मुलगी तुझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान आहे. मी २००१ मध्ये एमसीए करून महापेला नोकरीला लागले, तेव्हा एमसीए तीन वर्षांचं होतं. मधली चार वर्षं प्रोजेक्टवर अमेरिकेत काढली. आता ठाण्याहून रोज ऐरोलीला येते, आणि गेली बारा-तेरा वर्षं बिझनेस अॅनालिस्ट, ईआरपी (कंपनीची खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारी प्रणाली) आणि सिस्टिम ऑडिटच्या टीमसाठी माणसं निवडते. एमएस करून परतलेले, एमएससाठी सोडून गेलेले आणि इथेच राहून वर चढलेले, तिन्ही प्रकारचे लोक मी टेबलाच्या पलीकडे बसलेले पाहिलेत. त्या अनुभवातून सांगते.

तू दोन प्रश्न विचारलेस, पण दुसऱ्याचं उत्तर आधी घ्यायला हवं. अमेरिकेत किती मिळेल हे सगळे सांगतात. परत आलीस तर हप्ता कसा निघेल हे कोणी मांडून दाखवत नाही, आणि तारण पडलेलं घर वाचतं की जातं ते नेमकं त्यावर ठरतं.

आधी खर्च. अशा कोर्सला साधारण ३० ते ३६ क्रेडिट असतात. राज्य विद्यापीठात दोन वर्षांची फी २५ ते ४० हजार डॉलरच्या मध्ये कुठेतरी बसते, खासगी विद्यापीठात ६० हजारांच्या वर सहज जाते. तुझ्यासाठी ३० हजार धरू. राहणं-खाणं, मध्यम शहरात तिघी-चौघींत घर घेऊन, महिना १२०० डॉलर; वीस महिन्यांचे २४ हजार. आरोग्य विमा दोन वर्षांचा चार-साडेचार हजार. एकूण ५८ हजार डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ५२ लाख. म्हणजे बँकेच्या ४० लाखांवर आणखी १२ लाख घरातून जाणार आहेत, आणि मला वाटतं ते बाबांच्या पीएफमधून किंवा ग्रॅच्युइटीतून येणार आहेत. तुझ्या प्रश्नात त्या बारा लाखांचा उल्लेखच नाही. त्यात व्हिसाचे १८५ डॉलर, सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीचे ३५०, परीक्षा, अर्ज, कलिन्याहून काढलेल्या ट्रान्सक्रिप्ट, तिकीट आणि तिथे गेल्यावरची घराची अनामत धरली की अडीच-तीन लाख आणखी. शिवाय दोन वर्षांचा इथला पगार बुडतो तो वेगळा.

"कॅम्पसवर काम करून भागेल" असं कोणी सांगितलं असेल तर ते अर्धं खरं आहे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेही कॅम्पसवर. त्यातून किराणा आणि फोनचं बिल निघतं. फी निघत नाही. असिस्टंटशिप (विद्यापीठात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम, त्याबदल्यात फीमाफी किंवा मानधन) मिळाली तर गोष्ट वेगळी, पण कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्ससारख्या व्यावसायिक कोर्सना संशोधनाचा पैसा कमी असतो, त्यामुळे तिच्यावर हिशेब बांधू नकोस.

आता कर्ज. ४० लाख, ११ टक्के, दहा वर्षं. कागदावर हप्ता ५५ हजार दिसतो, आणि बँकेतला माणूस तोच आकडा सांगतो. पण शिक्षणाच्या काळात आणि नंतरच्या सहा महिन्यांत तू काहीच भरलं नाहीस, तर व्याज साचत जातं. अर्धी रक्कम सुरुवातीला उचललीस, अर्धी वर्षाने, तर अडीच वर्षांनी साध्या व्याजाने ८ लाख ८० हजार वर चढलेले असतात. म्हणजे परतफेड सुरू होते ती ४८ लाख ८० हजारांवर, आणि हप्ता होतो ६७ हजार. व्याजदर बदलता असेल तर त्यात वरखाली होईल, पण मनात ५५ नको, ६७ ठेव.

हा ६७ हजारांचा हप्ता दोन ठिकाणी ठेवून बघू.

तिथे ७५ हजार डॉलरची पहिली नोकरी लागली, तर कर जाऊन महिन्याला पाच हजार डॉलरच्या आसपास हातात येतात. काटकसरीने राहिलीस तर १८०० डॉलर कर्जाला टाकता येतील. त्या गतीने पूर्ण कर्ज तीन वर्षांत फिटतं. छान आहे हे, आणि अशी माणसं मी पाहिलीत.

इथे परत आलीस, दोन वर्षांचा जुना सपोर्टचा अनुभव आणि नवी कोरी पदवी घेऊन, तर ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेट कुठेही सात ते नऊ लाखांची ऑफर येईल. आठ लाख धर. हातात साठ हजारांच्या आतबाहेर. हप्ता ६७ हजार.

हाच मुद्दा आहे. पदवी चांगली आहे, अभ्यासक्रम चांगला आहे, तू हुशार असशीलच. पण या कर्जाचा हप्ता फक्त डॉलरमध्ये निघतो, आणि डॉलर मिळवत राहण्याची परवानगी तुझ्या हातात नाही.

ती परवानगी कशी चालते ते नीट समजून घे, कारण कन्सल्टंटच्या ऑफिसात ते दोन मिनिटांत उरकतात. एफ-१ व्हिसावर शिकून झालं की १२ महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतला असेल तर आणखी २४ महिने. एकूण तीन वर्षं. आणि वर बघ, कर्ज फिटायला किती लागतात: तीन. म्हणून तुझा कोर्स स्टेम आहे की नाही यावर सगळं उभं आहे. ते नावावरून कळत नाही. आय-२० म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो कागद. त्यावर सीआयपी कोड, म्हणजे कोर्सच्या विषयाचा क्रमांक, छापलेला असतो. ११ ने सुरू होणारे, म्हणजे कॉम्प्युटर आणि माहितीशास्त्राचे कोड, बहुतेक सगळे स्टेममध्ये आहेत. ५२ ने सुरू होणारे व्यवस्थापनाचे, त्यातले मोजकेच आहेत. इन्फर्मेशन सिस्टिम्स हा विषय नेमका या दोन्हींच्या सीमेवर आहे. एका विद्यापीठात तो कॉम्प्युटर विभागात असतो, दुसरीकडे बिझनेस स्कूलमध्ये. तुझ्या आय-२० वरचा कोड आजच बघ. तो स्टेम यादीत नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, हे कर्ज घेऊ नकोस.

ओपीटीमध्येही घड्याळ चालू असतं. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. ही नव्वद दिवसांची भीती फार वाईट. आमच्याच सोसायटीतला एक मुलगा सत्तराव्या दिवशी एका स्टाफिंग कंपनीकडे गेला. त्यांनी त्याच्या बायोडेटात पाच वर्षांचा खोटा अनुभव घातला, क्लायंटने पडताळणी केली, नोकरी गेली आणि तो परत आला. आज तो नेरूळमध्ये चांगलं काम करतो, मेहनती पोरगा आहे, पण तीन वर्षं त्याच्या आईने हप्ते भरले. कोणीही "अनुभव आम्ही दाखवतो" म्हटलं की उठून बाहेर ये. खोट्या कागदाची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसात आडवी येते.

तीन वर्षांनंतरही तिथे काम करायचं तर एच-१बी हा कामाचा व्हिसा लागतो. त्याच्या जागा वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. २०२५ च्या निवडीत पात्र नोंदण्या साधारण ३ लाख ४४ हजार होत्या, निवडल्या गेल्या १ लाख २० हजार. २०२६ पासून ती साधी सोडतही राहिली नाही. पगाराची पातळी जितकी वरची तितकी निवडीची शक्यता जास्त, आणि नव्या पदवीधराचा पगार बहुधा खालच्या पातळीत बसतो. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर शुल्क लावलं. तिथे शिकून तिथूनच एफ-१ वरून बदल करणाऱ्याला ते नाही, असा खुलासा नंतर झाला, म्हणजे तुझ्यासाठी तो दरवाजा उघडा आहे. पण एकदा इथे परत आलीस की "बघू, पुन्हा जाऊ दोन वर्षांनी" हे आता पूर्वीसारखं सोपं नाही.

हे सगळं घाबरवायला सांगत नाहीये. या विषयाला तिथे मागणी आहे आणि पुढेही राहील असंच माझं मत आहे. अमेरिकेच्या श्रम विभागाच्या आकड्यांत मे २०२४ मध्ये कॉम्प्युटर सिस्टिम्स अॅनालिस्टचा मधला पगार वर्षाला सुमारे १ लाख ४ हजार डॉलर होता, आणि माहिती प्रणाली व्यवस्थापकांचा १ लाख ७१ हजार. फक्त एक लक्षात घे: मधला पगार म्हणजे दहा-पंधरा वर्षं काम केलेल्या माणसांनाही धरून. पहिल्या दिवशीचा नव्हे. म्हणून मी वर ७५ हजार धरले.

आता विषयाबद्दल, कारण इथे मला खरंच बोलायचंय.

कॉम्प्युटर सायन्स शिकणारा मुलगा सॉफ्टवेअर कसं बांधायचं ते शिकतो. इन्फर्मेशन सिस्टिम्सवाल्याने धंदा आणि सॉफ्टवेअर यांच्यामधली जागा सांभाळायची असते. न्हावाशेव्याला कंटेनर उतरला, कस्टमची कागदपत्रं झाली, ट्रक निघाला, गोदामात माल आला, बिल फाटलं, पैसे आले. या साखळीतला प्रत्येक टप्पा कुठल्या प्रणालीत नोंदला जातो, एका प्रणालीतून दुसरीत जाताना काय हरवतं, कोणाला काय दिसायला हवं आणि कोणाला दिसता कामा नये, हे ज्याला कळतं तो या विषयाचा माणूस. डेटाबेस, प्रक्रिया विश्लेषण, ईआरपी, प्रकल्प व्यवस्थापन, सुरक्षा, थोडं अकाउंटिंग, असा तो अभ्यास. गणित आणि अल्गोरिदम कमी. काहीजण यालाच हलकं समजतात. माझ्या मते ही चूक आहे, कारण कोड लिहायला आज यंत्राची मदत मिळते, पण "हे बिल दोनदा का पोस्ट झालं" हे शोधायला अजूनही धंदा कळणारा माणूसच लागतो.

मुलाखतीत मी हेच विचारते. पदवीचं नाव नंतर बघते. एक उदाहरण देते: पुरवठादाराला एकाच बिलाचे दोनदा पैसे गेले, तू पहिल्यांदा कुठे बघशील? चांगला उमेदवार आधी मला प्रश्न विचारतो. बिल क्रमांक सारखाच होता का, खरेदी आदेश एक की दोन, माल मिळाल्याची नोंद कोणी केली, मंजुरी कोणाची. मग कागद ओढून क्वेरी लिहितो. वाईट उमेदवार लगेच तंत्रज्ञानाची नावं सांगायला लागतो. दोन वर्षं सपोर्टला बसलेल्या मुलीकडे याचं उत्तर पदवीशिवायही असू शकतं. तू रोज जी तिकिटं बंद करतेस ती अशाच गोंधळाची असतात. फक्त तिकीट बंद करून थांबतेस की मुळापर्यंत जातेस, एवढाच फरक.

आणि याच कारणाने, मास्टर्सचा उपयोग कोणाला झाला हे मी पाहिलं तर एकच गोष्ट सारखी दिसते. आधीचा अनुभव. माझ्या टीममधली कळव्याची एक मुलगी चार वर्षं एसएपी या ईआरपीच्या खरेदी आणि साठा विभागात काम करून मग गेली. तिथे वर्गात तिला जे शिकवलं ते तिने केलेलं होतं, त्यामुळे इंटर्नशिपच्या मुलाखतीत ती उदाहरणं देऊ शकली. पहिली नोकरी शेवटचं सत्र संपायच्या आधी लागली. कर्जही तिचं कमी होतं, कारण चार वर्षांची बचत होती. तिच्याच वर्षी गेलेली, थेट पदवीनंतरची दोन मुलं नऊ-दहा महिन्यांत परतली. हुशारीत तिघांत फरक नव्हता.

इथल्या बाजारात या विषयाला कुठे जागा आहे ते सांगते, कारण ठाणे-बेलापूर रस्ता म्हणजे फक्त कॉल सेंटर आणि सपोर्ट नव्हे. बँका आणि वित्तसंस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आयटी गव्हर्नन्स आणि जोखमीबद्दलचे निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. तेव्हापासून माहिती प्रणालीचं ऑडिट करणाऱ्यांना मागणी वाढलेली मी रोज बघते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. आता प्रत्येक कंपनीला आपल्याकडे कोणाची काय माहिती कुठे पडली आहे हे शोधावं लागणार. हे काम शुद्ध इन्फर्मेशन सिस्टिम्सचं आहे. बंदर, गोदामं, औषध कंपन्या, महापे-रबाळेची डेटा सेंटर, सगळीकडे हीच गरज. सीसा ही ऑडिटची परीक्षा अनुभवाच्या आधीही देता येते, प्रमाणपत्र नंतर अनुभव पूर्ण झाल्यावर मिळतं. तुझ्या जागी मी असते तर तिचं पुस्तक या महिन्यात उघडलं असतं.

इथलं मास्टर्स? एमसीए आता दोन वर्षांचं आहे, राज्याच्या सीईटीतून प्रवेश. व्हीजेटीआय किंवा अंधेरीचं सरदार पटेल इन्स्टिट्यूट मिळालं तर कॅम्पस चांगला. नवी मुंबईत बेलापूर, नेरूळला खासगी कॉलेजं आहेत, तिथे फी वर्षाला साधारण लाख-दीड लाख धरावी लागते. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तू ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये असशील, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश घेतलेल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. महाडीबीटीवर अर्ज करायचा. ही गोष्ट कितीतरी मुलींना ठाऊकच नसते, म्हणून मुद्दाम लिहिते. पण तुझ्यासाठी नोकरी सोडून एमसीए करणं मला पटत नाही. ते पदवीनंतर लगेच करायचं. दोन वर्षांचा अनुभव टाकून पुन्हा फ्रेशर व्हायचं कशाला? नोकरी सांभाळून करता येण्याजोगे पर्याय, बिट्स पिलानीचे कार्यरत लोकांसाठीचे कार्यक्रम वगैरे, ते तुला जास्त बसतील.

जर्मनीही बघून ठेव. तिथे हा विषय 'विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक' नावाने स्वतंत्र आणि जुना आहे, बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही (बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात सत्राला १५०० युरो, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात त्याहून बरीच जास्त). वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागतात, आणि शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर प्रत्येक ठिकाणी प्रवेश मिळत नाही, आणि जर्मन भाषा आली नाही तर नोकरी अवघड. पण एकूण कर्ज अमेरिकेपेक्षा बरंच कमी लागतं.

आता तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर. या वर्षी, या कर्जावर, जाऊ नकोस. प्रवेश सोडूही नकोस. विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायची विनंती कर. बरीच विद्यापीठं ती मान्य करतात, थोडी अनामत भरावी लागते. त्या वर्षात सपोर्टमधून बाहेर पड. तुझ्याच कंपनीत ईआरपी, डेटा किंवा ऑडिटच्या टीममध्ये बदली माग. मिळाली नाही तर बाहेर अर्ज कर. सहा-साडेसहा लाखांवर पोचलीस तर वर्षात दोन-अडीच लाख बाजूला पडतात, आणि त्याहून मोठी गोष्ट, परत यायची वेळ आली तर आठऐवजी बारा लाखांवर बोलणी करता येतात.

कर्ज कमी करायचे मार्ग याच वर्षात शोध. मुंबईत जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देते, के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीतली असशील तर राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ. यांचे अर्ज ठरावीक महिन्यांतच निघतात, म्हणून घाईत गेलेल्यांच्या हातून ते निसटतात.

माझी मर्यादा मी तुला आकड्यात सांगते: २५ लाख. त्यावर ११ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता साडेचौतीस हजार होतो, आणि शिकत असताना दर महिन्याचं व्याज भरत गेलीस तर तेवढाच राहतो. बारा लाखांच्या पगारात, घरी राहून, तो निघतो. आठ लाखांतही ओढाताण करून निघतो. व्याजावर आठ वर्षं करात वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. कर्जातून बाहेर पाठवलेल्या पैशावर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) कापत नाहीत, तेव्हा फी स्वतःच्या खात्यातून आणि राहण्याचा खर्च कर्जातून की उलट, हे बँकेत बसून ठरव.

आणि बाबांशी बोल. मला तुझ्या प्रश्नात हेच सगळ्यात जास्त लागलं. घर तारण म्हणजे त्यांची सही, आणि सहकर्जदार तेच असणार. तू परत आलीस आणि हप्ता थकला तर बँकेचा फोन तुला नाही, त्यांना येईल, निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी. ते 'हो' म्हणतील, आपल्याकडचे बाप म्हणतातच. पण ६७ हजारांचा आकडा आणि साठ हजारांचा आकडा एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव, आणि मग त्यांना काय वाटतं ते ऐक.

आय-२० वरचा सीआयपी कोड मला कळव. तुझ्या टीममध्ये कुठली प्रणाली चालते तेही लिही, म्हणजे बदलीसाठी नेमकं काय शिकायचं ते सांगता येईल.